वर काय लिहिलं होतंस?

सर, उद्या तुमचं पुण्यानुमोदन. वंदना होईल, फोटोला हार पडतील, मग एकेक माणूस उठेल आणि तुम्ही किती मोठे होता ते सांगेल. ज्यांनी तुमची एकही सभा शेवटपर्यंत ऐकली नाही, तेच सगळ्यात लांबण लावतील. तुमच्या विद्यार्थ्यांनी चार पानांची स्मरणिका काढायची ठरवली आहे. पत्रकं लिहायचा हात आहे म्हणून त्यातलं एक पान माझ्या वाट्याला आलं. त्यांना वाटलं असेल, हिला कागदावर मोठ्यानं रडता येतं.

मी रडणार नाही. तुम्ही भांडण अर्धं टाकून गेलात. तुम्ही होतात तोवर एकदाही मला शेवटचा शब्द मिळू दिला नाहीत. आता सगळेच शब्द माझे आहेत, आणि तुम्ही समोर नसताना ते मला वापरता येत नाहीत.

तुम्ही चांगले नव्हता, सर. हे कोणीतरी लिहायला हवं. तुमची जीभ वाईट होती. विद्यापीठातल्या त्या पहिल्या सभेत मी दारावर पत्रक वाटत होते, ‘न दिसणारं विष, दिसणारी लूट’. रात्रंदिवस खपून लिहिलं होतं. तुम्ही स्टेजवरून खाली आलात, माझ्या हातातलं एक घेतलंत, सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलंत आणि माईक माझ्या तोंडापुढं धरलात.

“नॅनो म्हणजे काय, सांग.”

मी म्हणाले, “लोकांना न विचारता त्यांच्या रानात, त्यांच्या पाण्यात काहीही सोडायचा अधिकार तुम्हाला दिला कोणी?”

“घोषणा झाली. आता वाक्य बोल.”

सगळा हॉल हसला. मला वाक्य बोलता आलं नाही. मला खरंच माहीत नव्हतं. पत्रकात मी ‘घातक नॅनो कण’ असं चार वेळा लिहिलं होतं आणि कण म्हणजे नक्की केवढा, तो घातक का, याचा मला पत्ता नव्हता. माझ्या बापानं चिकलठाण्याच्या कारखान्यात आयुष्यभर पावडर कोटिंग केलं, नाकाला रुमाल बांधून. मला वाटायचं, पावडरीबद्दल बोलायला मला वेगळा अभ्यास लागत नाही. सभा संपल्यावर तुम्ही जिन्यात गाठून म्हणालात, “रविवारी घरी ये. शिकवतो. मग शिव्या दे. निदान जागेवर तरी लागतील.”

आले मी. रागानं आले. काकूंनी पोहे दिले आणि तुम्ही गुळाचा खडा दिलात. “तोंडात धर. चावायचं नाही.” मी धरला. मग त्याच ढेपेचा चुरा चिमटीनं जिभेवर टाकलात. चुरा क्षणात गेला, खडा दुसऱ्या गालात तसाच. “गूळ तोच. बारीक केला की वागणं बदललं. जस्त, तांबं, चांदी, सगळ्यांचं तसंच. केस उभा चिरत चिरत गेलं, चिरायला काही उरलंच नाही, तरी त्याहून बारीक. तिथं धातू आपला ओळखीचा राहत नाही. त्याचा फायदाही तिथंच, भीतीही तिथंच.” मग म्हणालात, “आता लिही पत्रक.”

मी लिहिलं. तुम्ही लाल पेनानं खोडलंत. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलंत. असे किती रविवार गेले. तुम्ही मला ‘पत्रकबाई’ म्हणायचात. काकू तुम्हाला रागवायच्या, “पोरीला नावं काय ठेवता?” तुम्ही म्हणायचात, “नाव नाही ते, पदवी आहे. तीसुद्धा अजून पूर्ण झालेली नाही.”

आपलं खरं भांडण मात्र गुळावरून नव्हतंच. चिकलठाण्याच्या एका प्रकल्पवाल्यांनी तुम्हाला बोलावलं, कापसावर नव्या बारीक कणांची फवारणी करून बघायची होती, त्याआधी गावाशी बोलायला माणूस हवा होता. निवृत्त प्राध्यापक, गावचाच, आपल्या समाजाचा, बोलायला तयार. यापेक्षा चांगला मुखवटा त्यांना कुठं मिळणार होता? हे मी तुमच्या तोंडावर म्हणाले. तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, “मुखवट्याला तोंड असतं, बाई. मी बोलतो की नाही बघ.”

तुमचं म्हणणं साधं होतं आणि मला ते भाबडं वाटायचं. फवारायच्या आधी विचारायचं. सांगायचं कमी, विचारू द्यायचं जास्त. आणि लोक नको म्हणाले तर नको. मी म्हणायचे, नको म्हणायला लोकांना तुम्ही कशाला लागता, मोर्चा आहे की. तुम्ही म्हणायचात, “मोर्चात लोक तुझं वाक्य बोलतात. मला त्यांचं ऐकायचंय.”

हे वाक्य मी तुम्हाला अजून माफ केलेलं नाही. खरं होतं म्हणून तर नाहीच.

तुमच्या गावातली ती सभा. कन्नडच्या अलीकडं एसटीतून उतरलो, तुमच्या खांद्याला ती कापडी पिशवी. त्यात गुळाची ढेप, भिंग, रद्दी कागदाच्या चिठ्ठ्या. समाजमंदिरासमोर मंडप. पुढं खुर्च्या, खुर्च्यांत जमीनवाले. मागं मजूर बाया उभ्या, काही जोत्यावर टेकलेल्या, डोक्यावर पदर, हातात खुरपी तशीच. तुम्ही आलात, बघितलंत, आणि आपली खुर्ची उचलून सरळ मागं नेऊन बायांसमोर ठेवलीत. पुढच्यांना तुमची पाठ दिसायला लागली.

“खुर्चीतल्यांना जमीन आहे, ते विचारतीलच. ज्यांना फवारलेल्या रानात उतरायचंय त्यांनी आधी विचारा.”

पुढून एकजण ओरडला, “सर, नॅनो म्हंजे ती बारकी गाडी नं? ती तर बंद पडली.”

“गाडी बंद पडली. बारीक करायची हौस बंद पडलेली नाही,” तुम्ही मागं न बघता म्हणालात. बाया हसल्या. ते हसणं मला आठवतं, कारण त्यानंतर त्या बोलायला लागल्या.

गूळ वाटला. खडा आणि चुरा, तोच खेळ. आणि मग कौसाबाई उठली. कौसाबाई म्हणजे तुमच्या वस्तीतली, तुमच्याच वयाची, तुमच्याबरोबर दोन इयत्ता शाळेत गेलेली. पुढं तुम्ही विद्यापीठात गेलात आणि ती निंदायला. तुम्हाला ती मास्तर म्हणायची. तोंडातला गूळ गिळून तिनं विचारलं, “मास्तर, चुरा लवकर इरघळला. मंग ही तुमची दवाई अंगात गेली तर ती बी लवकरच इरघळंल का? आन् इरघळून जाईल कुठं? आम्ही दिवसभर वाकून ऱ्हातो त्या रानात. तोंड पिकाच्याच उंचीला असतंय.”

तुमच्याकडं बघत होते सगळे. तुम्ही चष्मा काढून पुसलात. मग म्हणालात, “माहीत नाही, कौसा.”

मी मागं उभी राहून दात खात होते. माहीत नाही तर फवारता कशाला, हे मी मोठ्यानं म्हणाले. तुम्ही वळलात. “म्हणून तर विचारायला आलोय. आणि हा प्रश्न माझ्या एकाही पीएचडीच्या पोरानं मला असा विचारला नव्हता. तूही नाहीस.” सगळ्यांसमोर. तुमची सवयच होती, कोणाला मोठं करायचं तर दुसऱ्याला जागच्या जागी कापून.

आता ते सांगते, जे उद्या कोणी बोलणार नाही. कारण ते मला एकटीलाच माहीत आहे, आणि तुम्हाला होतं.

सभेत सह्या घ्यायचं काम माझ्याकडं होतं. तुमचा नियम होता, आणि निघताना एसटीतही तुम्ही तो दोनदा सांगितलात: प्रत्येक पानावर वर आधी मजकूर लिहायचा, ‘सभेला हजर होतो. संमती दिलेली नाही.’ मग तो वाचून दाखवायचा. मग सही. “कोऱ्या पानावर एकही सही नको. अंगठा तर नकोच नको.”

आम्ही मोर्चावाले असं करत नाही. उगाच लपवून काय करू? आमच्यात सह्या आधी आणि निवेदन मागून. गर्दी जमते तेव्हा निवेदन लिहून तयार नसतं, आणि निवेदन तयार होतं तेव्हा गर्दी घरी गेलेली असते. म्हणून रेघा मारलेले कोरे कागद फिरवायचे, सह्या गोळा करायच्या आणि निवेदन टाइप झालं की वर लावून पिन मारायची. क्रांती चौकात मी हे इतक्या वेळा केलंय की मला ते चुकीचं वाटायचं बंद झालं होतं. लोक आपलेच आहेत, निवेदनही त्यांच्याच बाजूचं आहे, मग काय बिघडलं?

त्या दिवशी मी वर काहीच लिहिलं नाही. लिहायला वेळ नव्हता असं नाही. मी मुद्दाम कोरं ठेवलं. घरी जाऊन मी त्यावर माझं पान लावणार होते: ‘आमचा या फवारणीला ठाम विरोध आहे.’ मजकूरही तयार होता. कौसाबाईनं विचारलं होतं, विरोध केला नव्हता. तेवढा फरक मला त्या दिवशी कळला नाही. कळला असेल, पण मोठा वाटला नाही. तिनं सही करताना मला विचारलं, “पोरी, हे कशाचं गं?” मी म्हणाले, “हजेरीचं, मावशी.” तिनं हळूहळू आपलं नाव लिहिलं, दोन इयत्तांतलं.

मी पान लावायच्या आत तुम्ही ते कागद माझ्याकडून घेतलेत आणि बघता बघता सभेला आलेल्या प्रकल्पाच्या माणसाच्या फाईलमध्ये घातलेत. तो गाडीत बसून चिकलठाण्याला गेला. तुम्ही कागद उलटून बघितले नाहीत. माझ्यावर विश्वास होता म्हणे. पुढं केव्हातरी अहवाल आला. त्यात ‘ग्रामस्थांची लेखी संमती’ असं छापील पान, आणि मागं माझे रेघा मारलेले कागद, पिन मारून. पिन मारायची पद्धत आमचीच. ती त्यांनाही येते.

मी काय केलं? मी पत्रक काढलं. ‘सरांनी गाव विकलं.’ तुमच्या आडनावासकट. विद्यापीठाच्या गेटावर वाटलं, बसस्टँडवर वाटलं, तुमच्या गावच्या गाडीत प्रत्येक सीटवर ठेवलं. झेरॉक्सवाले चाचा म्हणाले, “बेटा, ये तो तेरे उस्ताद हैं ना?” मी म्हणाले, “थे.” ते लिहिताना मला माहीत होतं की ते कागद कोरे कोणी ठेवले. तरी लिहिलं. रागात माणूस खोटं बोलत नाही असं म्हणतात. पत्रक लिहिणारा माणूस रागातच सगळ्यात व्यवस्थित खोटं बोलतो, मुद्देसूद, ठळक टाइपात.

तुम्ही त्या झेरॉक्सच्या दुकानातच आलात. हातात पत्रक, लाल पेनानं खुणा केलेलं. मरणारा माणूस असा थांबत थांबत चालतो हे मला कळलं नाही. मला वाटलं तुम्ही ओरडाल. तुम्ही एकच विचारलंत.

“सह्यांच्या कागदांवर वर काय लिहिलं होतंस?”

मी म्हणाले, “फाईल तुम्ही दिलीत, सर.”

“मी विचारलं ते सांग.”

मी नाही सांगितलं. वर म्हणाले, आणि हे इथं लिहायलाच हवं कारण उद्या कोणी म्हणेल की आमचं शेवटी सगळं मिटलं होतं: “सर, तुम्ही साहेब झालात. आमच्यातले राहिला नाहीत.” तुमचा बाप दुसऱ्याच्या रानात राबत गेला. तुम्हाला ते वाक्य कुठं लागेल हे मी पाहून ठेवलं होतं. तुमच्याकडूनच शिकले होते, शिव्या जागेवर लागायला हव्यात.

तुम्ही पत्रक घडी करून खिशात घातलंत. चाचांना सलाम केलात. पुढच्या आठवड्यात तुम्ही गेलात. छातीत दुखलं आणि संपलं, असं काकू म्हणाल्या. घराबाहेर चपला काढताना कोणीतरी कोणाला तरी सांगत होतं, “लई टेन्शन घेतलं सरांनी.” बोलणाऱ्यानं माझ्याकडं बघून आवाज कमी केला नाही, वाढवला.

काकूंनी मात्र मला घरात घेतलं, चहा दिला आणि ती कापडी पिशवी पुढं सरकवली. “ही तुझ्याकडं ऱ्हाऊ दे. मला बघवत नाय.” ढेप होती, मुंग्या लागल्या होत्या. भिंग. चिठ्ठ्या. आणि तुमच्या अक्षरातलं पत्र, प्रकल्पाच्या प्रमुखाच्या नावानं. मी वाचलं. तुम्हाला आठवत असेल, तरी इथं लिहिते, कारण बाकीच्यांनी वाचायला हवं:

‘आपल्या अहवालातील सह्या संमतीच्या नाहीत. पाने कोरी होती. कोरी पाने न पाहता आपल्या माणसाकडे दिली ही माझी चूक. सह्या संघमित्राने घेतल्या. पाने कोरी का होती, तिला विचारावे. तोपर्यंत फवारणी करू नये.’

माझं नाव. सरळ. एखाद्या चांगल्या माणसानं ते गाळलं असतं, सगळं अंगावर घेतलं असतं, म्हणजे मी आज इथं तुमच्या मोठेपणावर ढसाढसा लिहू शकले असते. तुम्ही तसं केलं नाहीत. स्वतःची चूक एका ओळीत, माझी तिच्या शेजारी. वजन केल्यासारखं. मला इतका राग आला सर, की मी पत्र फाडायला घेतलं. फोटो समोर होता तुमचा. काकू स्वयंपाकघरात होत्या. फाडलं असतं तर जगात कोणाला कळलं नसतं.

नाही फाडलं. पण लगेच कुठं दिलंही नाही. कपाटात कपड्यांखाली ठेवलं आणि तीन मोर्चांना जाऊन आले. फवारणीची तयारी चालू होती, ड्रम येऊन पडले होते, गावात मजुरांची नावं लिहून घेत होते. कौसाबाईचं नाव त्यात होतं. पत्र दिलं तर फवारणी अडते आणि माझं चळवळीतलं नाव जातं. नाही दिलं तर माझं नाव राहतं आणि कौसाबाई त्या रानात वाकते. इतका सोपा हिशोब होता आणि मी तो दिवसेंदिवस पुढं ढकलत होते. ‘जनतेच्या बाजूनं’ असं माझ्या प्रत्येक पत्रकाच्या खाली लिहिलेलं असतं.

शेवटी आधी कौसाबाईकडं गेले. ती दारात कापसाच्या पराट्या मोडत बसली होती, चुलीसाठी. मी सगळं सांगितलं. हजेरीचं म्हणाले ते, कोरं ठेवलं ते, त्यावर माझं काय लावणार होते ते. मला वाटलं ती म्हणेल, जाऊ दे पोरी, चुकतं माणूस. मी त्यासाठीच गेले होते बहुतेक.

तिनं काडी मोडली. म्हणाली, “म्हंजी त्यांनी बी माझं नाव चोरलं, आन् तू बी चोरणारच व्हतीस. ते आधी पोचले, इतकंच.”

मी म्हणाले, “मावशी, मी तुमच्या भल्यासाठी.”

“त्ये बी भल्यासाठीच म्हणत्यात.”

पराट्यांचा आवाज. मग तिनं विचारलं, “मास्तरला म्हाईत व्हतं?”

“होतं. शेवटी कळलं त्यांना.”

“आन् तू त्याला गाव विकणारा म्हणलीस. गाडीत माझ्या सीटावर व्हता तुझा कागद. नातवाकडून वाचून घेतला म्या.” तिनं माझ्याकडं बघितलंच नाही. “त्यानं मला पुऱ्या गावासमोर म्हाईत नाय म्हणून सांगितलं. इतका शिकलेला. तुला एकदा तरी तसं म्हणता आलं का गं?”



मी तिला विचारलं, ‘माझी सही संमतीची नव्हती’ असं लिहिते, वाचून दाखवते, सही देता का. तिनं मान हलवली. “आता नाय. कागूद दिसला की माझा हात आखडतो. तुझं तू लिव. तुझी सही कर. माझं नाव कशावर बी नको.”

दुसऱ्या दिवशी मी चिकलठाण्याला त्यांच्या ऑफिसात गेले. आवक टेबलावरच्या माणसानं तुमचं पत्र दोनदा वाचलं, उलटं करून पाहिलं आणि म्हणाला, “मॅडम, खाली सही कुठाय?”

नव्हती. तुम्ही सही केली नव्हती, सर. पत्र संपवलंत आणि सही करायची ठेवलीत. का? पुन्हा वाचून करणार होता? मला आधी एकदा विचारणार होता? दुकानात मी उत्तर दिलं असतं तर पत्र वेगळं झालं असतं का? हे मला आता कोण सांगणार. आयुष्यभर दुसऱ्यांना सही जपायला शिकवलंत आणि स्वतःच्या पत्राखाली जागा कोरी ठेवून गेलात.

“बिनसहीचं पत्र, तेपण वारलेल्या माणसाचं. घेता येत नाही,” तो म्हणाला. उद्धटपणे नाही, नियमानं.

मग त्याच टेबलावर त्याच्याकडून कोरा कागद मागून घेतला. त्या दिवशी पहिल्यांदा मी वर आधी लिहिलं. गावाचं नाव, विषय, आणि खाली: सभेतल्या सह्या मी कोऱ्या पानांवर घेतल्या, हजेरीच्या आहेत असं सांगून घेतल्या, त्यावर माझं स्वतःचं निवेदन लावायचा माझा विचार होता, त्या संमतीच्या नाहीत, विरोधाच्याही नाहीत. शेवटचे दोन शब्द लिहायला सगळ्यात जड गेले. मग सही केली. तुमचं पत्र सोबत जोडलं. पोच घेतली, शिक्क्यासकट. तो म्हणाला, “मॅडम, हे तुमच्यावरच येईल हां.” मी म्हणाले, “माहीत आहे.” आयुष्यात पहिल्यांदा हे दोन शब्द मी खरे बोलले असेन.

फवारणी थांबली आहे. रद्द नाही झाली. पुन्हा सभा घेणार म्हणतात, या वेळी त्यांचा माणूस पाठवून. तो गूळ नेणार नाही, पडद्यावर चित्रं दाखवील. कौसाबाईच्या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडं असणार नाही, आणि ‘माहीत नाही’ म्हणायची त्याला पगारात परवानगी नसेल. मी जाणार आहे. बोलावलं नाही तरी. संघटनेनं मला पत्रकं लिहिण्यापासून दूर ठेवलंय, तोवर वेळच वेळ आहे. एकानं तर मला तोंडावर फितूर म्हटलं. मला तुमची आठवण आली. तुम्ही म्हणाला असता, “घोषणा झाली. आता वाक्य बोल.” मी त्याला तेच म्हणाले. त्याला बोलता आलं नाही.

तुम्ही मला किती शिकवलंत याबद्दल उद्या कोणी गहिवरून बोललं तर मी उठून बाहेर जाईन. तुम्ही मला अपमान करून शिकवलंत, आणि मी तुम्हाला अपमान करूनच परत केलं. हिशेब बरोबर झाला म्हणावं तर सही का राहिली, याचं उत्तर घेऊन तुम्ही मेलात आणि मी तुमच्या प्रश्नाचं उत्तर आता देतेय. काहीच लिहिलं नव्हतं, सर. वर काहीच लिहिलं नव्हतं. मुद्दाम.

पिशवी माझ्याकडं आहे. ढेपेवरच्या मुंग्या झाडल्या, उन्हात ठेवली. भिंगातून मुंग्या बघत बसले थोडा वेळ. तुमच्याइतकी बारीक नजर मला येणार नाही, आणि तुमच्याइतकी वाईट जीभ आधीपासूनच आहे.

उद्या समाजमंदिराच्या दारात हजेरीचं रजिस्टर राहील. विद्यार्थी म्हणाले, रेघा मारून ठेव. मी मारल्या. त्याआधी वर लिहिलं: ‘सरांच्या पुण्यानुमोदनाला हजर होतो. बाकी कशालाही संमती नाही.’ येईल त्याला वाचून दाखवायला मी दारातच बसणार आहे. कौसाबाई येणार आहे, निरोप आलाय, पण सही करणार नाही असंही त्यातच सांगितलंय. पहिल्या ओळीवर माझी सही आहे. दुसरी ओळ कोरी आहे.